नाडी न पाहता

मावशीने परवा डॉक्टरांना पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज मला दाखवला. तीन रिपोर्टांचे फोटो, तिन्ही तिरके, एकावर दह्याच्या वाटीची सावली. खाली एक ओळ: "सर रिपोर्ट पाठवले आहेत प्लीज बघा." सहा तासांनी आलेलं उत्तर: "सेम गोळ्या कंटिन्यू. महिन्याने दाखवा." त्यावर मावशीचे दोन जोडलेले हात. झाली तपासणी.

मग चहा उकळेपर्यंत ती मला सांगत बसली. सकाळी उठून मोरीकडे जाताना जमीन एका बाजूला घसरल्यासारखी वाटते, पण डावीकडे वळलं तरच. उजवीकडे वळलं तर काही नाही. भिंत धरून दहा-पंधरा आकडे मोजले की जातं. मी म्हटलं, "अगं, मग हे लिहिलंस का नाही?" तर म्हणाली, "एवढं रामायण कोण वाचतंय? आणि सर चिडले तर?"

अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात हे रामायण लिहिणारे रोगी होते आणि ते वाचणारे डॉक्टरही होते. रोगी एका गावात, डॉक्टर दुसऱ्या देशात, दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, आणि मधे फक्त टपाल. नाडी न पाहता, जीभ न बघता औषध द्यायचं म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. आपल्याकडे तर डॉक्टरच्या हाताला गुण असतो म्हणतात. पत्राला हात कुठला?

आता तसं वाटत नाही. त्या डॉक्टरांकडे औषधं बहुतेक कुचकामी होती, पण रोग्याचं म्हणणं त्यांच्या हातात होतं: त्याच्या शब्दांत, पुरतं, कागदावर. मोबाइलवरून डॉक्टर भेटण्याचा काळ आला तेव्हा ते परत मिळवायची सोय आपसूक चालून आली होती. ती आपण तिरक्या फोटोंत आणि जोडलेल्या हातांत घालवतो आहोत, आणि त्यावर सरकारने नियम करायला हवा, असं माझं मत आहे.

एडिनबरोचे विल्यम कलन त्या काळातले नामांकित डॉक्टर आणि विद्यापीठातले प्राध्यापक. १७९० साली वारले. त्यांचा सल्ल्याचा पत्रव्यवहार तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जपून ठेवला आहे. आलेली आणि गेलेली मिळून पाच हजारांहून अधिक पत्रं. पाठवलेल्या उत्तराची नक्कल आपल्याकडे राहावी म्हणून कलन आधी लेखनिक ठेवत. मग १७८०च्या सुमारास वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने नकला काढायचं यंत्र काढलं आणि कलननी ते लगेच घेतलं. झिरझिरीत ओला कागद ताज्या शाईवर दाबायचा. अक्षरं उलटी उमटायची, पण कागद इतका पातळ की मागल्या बाजूने सरळ वाचता यायची. डॉक्टरने आपण काय सांगितलं याची नक्कल स्वतःकडे ठेवावी म्हणून नवं यंत्र विकत घ्यावं, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या औषधांपेक्षा मोठी वाटते. पुढचं पत्र आलं की मागचं काढून बघता यायचं: काय दिलं होतं, काय बजावलं होतं, गुण आला की नाही.

यातली बरीच पत्रं रोग्याने स्वतः लिहिलेली नसत. गावातला सर्जन, औषधवाला, नवरा, भाऊ, असे लोक लिहीत. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दुसरे स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे सॅम्युएल तिसो. त्यांना आलेली तेराशेच्या आसपास पत्रं-कागद आजही तिथल्या ग्रंथालयात आहेत. १७६१ साली त्यांनी खेड्यातल्या माणसांसाठी आरोग्याचं पुस्तक काढलं. ज्यांच्या जवळपास डॉक्टर नाही अशांसाठी. पाद्री, शाळामास्तर, सुइणी यांनी वाचून लोकांना सांगावं म्हणून. त्याच्या शेवटी प्रश्नांची एक यादी आहे. डॉक्टरला पत्र लिहायचं तर आधी यांची उत्तरं द्या, असं सांगणारी. वय काय? आधी तब्येत कशी होती? राहणी कशी? आजार कधीपासून आणि सुरू कसा झाला? ताप आहे का? नाडी कठीण की मऊ? माणूस दिवसभर अंथरुणातच असतो की उठतो? जीभ कोरडी आहे का, तहान लागते का, तोंडाला चव कशी आहे, झोप कशी, लघवीचा रंग काय, घाम येतो का, आतापर्यंत काय काय घेतलं आणि त्याने काय झालं? बायकांसाठी पाळीचे आणि गरोदरपणाचे प्रश्न वेगळे. मुलांसाठी दातांचे, जंतांचे, देवी येऊन गेल्या का याचे.

ही यादी वाचताना माझ्या लक्षात आलं की गेल्या दहा वर्षांत यातले निम्मे प्रश्नसुद्धा मला कुणी विचारलेले नाहीत. "काय होतंय?" विचारतात आणि उत्तर अर्ध्यावर असताना कीबोर्ड वाजू लागतो. दोष त्यांचाच आहे असं नाही. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टर-रोगी संभाषणांचा एक अभ्यास झाला. त्यात रोग्याने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत असल्याचं दिसलं. २०१७ साली ६७ देशांतल्या माहितीवरून तपासणीला लागणारा वेळ मांडला गेला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत माझी मावशी डावीकडे वळेपर्यंतसुद्धा पोचणार नाही.

पत्राला मधेच तोडता येत नाही, हा त्याचा पहिला गुण. वाचणारा कंटाळून बाजूला ठेवील, पण लिहिणाऱ्याचं वाक्य पुरं झालेलं असतं. आणि लिहायला बसलं की माणूस आपल्या दुखण्याकडे जरा लांबून बघतो. नेमकं काय होतं, कशासारखं होतं, याला शब्द शोधतो.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत विलक्षण उदाहरण लंडनचं आहे. विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी छातीत येणाऱ्या एका विशिष्ट कळीचं वर्णन केलं, ज्याला आज आपण अंजायना म्हणतो. चालताना, विशेषतः चढावर, छाती आवळून येते आणि थांबलं की जाते. १७७२ साली ते छापून आलं आणि त्याचा गोषवारा एका नियतकालिकात निघाला. तो वाचून एका माणसाने हेबर्डनना पत्र लिहिलं. नाव दिलं नाही, खाली फक्त 'अज्ञात'. वय बावन्नावं चालू. त्याने लिहिलं की तुम्ही म्हणता ती कळ मलाही येते, चालताना, डाव्या दंडापर्यंत. पण आणखी एक होतं. बसलेलो असताना किंवा पडलेलो असताना कधी कधी वाटतं की आतलं सगळंच थांबलं, तीन-चार सेकंद. मग काळजाला एक हिसका बसतो. तो कसा, तर अंगाच्या एखाद्या भागाला दोरीने लहानसं वजन बांधावं, ते टेबलावरून सोडावं आणि जमिनीच्या चार बोटं वर येऊन ते थांबावं, तसा.

पुढे तो लिहितो की माझं मरण अचानक येईल असं वाटतं. तसं आलं तर देह उघडून बघावा, लोकांच्या उपयोगी पडेल, अशी व्यवस्था करून ठेवली आहे. काही आठवड्यांतच तो गेला, अचानकच, आणि जॉन हंटर या नावाजलेल्या सर्जनने शवविच्छेदन केलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि खुद्द हंटर वीसेक वर्षांनी त्याच दुखण्याने गेला. पण ते दोरीला बांधलेलं वजन बघा. कुठल्याही यंत्रातून ते मिळालं नसतं. पायऱ्या चढताना "छातीत कसंतरी होतं" म्हणणारे हजारो असतील. दोरी, वजन, टेबल, जमीन आणि मधली चार बोटं हे निवांत बसून लिहिणाऱ्यालाच सुचतं.

इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सनही हेबर्डनांचेच रोगी. जून १७८३मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, रात्री जाग आली तेव्हा त्यांच्या डोक्यात अर्धा मिनिट गोंधळ झाला. बुद्धी शाबूत आहे ना हे बघायला त्यांनी लॅटिन पद्यात प्रार्थना रचली. ओळी फारशा चांगल्या झाल्या नाहीत, पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळतंय, म्हणजे डोकं ठीक आहे, असा निष्कर्ष काढला. वाचा मात्र गेली होती. सकाळी डॉक्टरांना बोलावण्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली तर हात चुकीची अक्षरं काढू लागला. कसं आणि का ते कळेना, असं त्यांनी दोन दिवसांनी एका मैत्रिणीला लिहिलं. पक्षाघाताचा झटका आतून कसा दिसतो, हे इतक्या थंडपणे सांगणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही. पुढल्या वर्षी, ते दम्याने आणि अंगावरच्या सुजेने बेजार असताना, त्यांचा मित्र बॉसवेल याने एडिनबरोच्या डॉक्टरांना पत्रं घालून सल्ला विचारला. त्यांत कलनही होते.

मग हे बंद का पडलं? गंमत अशी की तिसोंचं पुस्तक निघालं त्याच १७६१ साली आणखी दोन पुस्तकं निघाली. व्हिएन्नात आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखायची रीत मांडली. हे गृहस्थ खानावळवाल्याचे चिरंजीव, आणि पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून बघण्यावरून त्यांना हे सुचलं असं सांगतात. इटलीत मोर्गान्यींनी शेकडो शवविच्छेदनांवरून दाखवलं की रोग अमुक अवयवात अमुक ठिकाणी बसलेला असतो. (तो ग्रंथ त्यांनी सत्तर पत्रांच्या रूपात लिहिला, हे आणखी एक.) रोग शरीरात एका जागी बसलेला असेल तर तो शोधायला शरीर समोर हवं. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकनी कागदाची सुरळी एका तरुणीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. तिथून पुढे डॉक्टर रोग्याचं ऐकायचा ते कमी झालं, त्याच्या छातीचं ऐकायचा ते वाढलं.

ते योग्यच झालं, यात मला शंका नाही. क्षयाचा रोगी ओळखायला छाती ऐकावी लागते, पोटातली गाठ हाताला लागावी लागते. पत्रातून क्वचितच कुणाचा जीव वाचला असेल, आणि पत्राने नुकसान करता येतं हे तर तिसोंनीच दाखवलं. त्यांचा दुसरा गाजलेला ग्रंथ हस्तमैथुनावरचा. १७६० साली तो फ्रेंचमध्ये आला आणि त्याने युरोपभर तरुण पोरांच्या मनात धडकी भरवली: शक्ती जाते, बुद्धी जाते, पाठीचा कणा झिजतो. मग तीच घाबरलेली माणसं तिसोंना पत्रं लिहू लागली. भीती पेरणाराही डॉक्टर आणि ती घेऊन ज्याच्याकडे जायचं तोही तोच.

ही भीती आपल्याकडेही पोचली. आपल्या वीर्यनाशाच्या कल्पना तिच्या जोडीला होत्याच. व्ही.पी.ने (पार्सल हाती आलं की टपालवाल्याला पैसे द्यायचे) धातुपौष्टिक गोळ्या पाठवणाऱ्यांच्या 'पत्रव्यवहार गुप्त राहील' छापाच्या जाहिरातींवर मराठी वर्तमानपत्रांची पानं भरायची. आणि त्या भीतीला उत्तरही पत्रातूनच मिळालं. र. धों. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. १९२७ ते १९५३ त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली. घरात विचारता येत नाही, गावच्या डॉक्टरला विचारलं तर तो काकांना सांगेल, अशा पोरांनी आणि बायकांनी विचारलेले प्रश्न. १९३४ साली या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. विषय हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हेच होते. तिसोंनी बांधलेली गाठ पावणेदोनशे वर्षांनी मुंबईत एक गणिताचा मास्तर सोडवत होता, आणि सरकार त्याला दंड करत होतं.

लाज हा आजाराचाच भाग असतो. समोर बसून जे जिभेवर येत नाही ते कागदावर उतरतं. पत्राचा हा दुसरा गुण, आणि तो पहिल्याहून मोठा असेल.

आता आजच्याकडे येऊ. २०१८ साली रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. बाळंतिणीचा मृत्यू झाला होता आणि डॉक्टर हजर नसताना फोनवरून औषध सांगितलं गेलं होतं. त्यानंतर फोनवर काही सांगायलाच डॉक्टर बिचकू लागले. माझ्या मते न्यायालयाचा राग फोनपेक्षा रोग्याला वाऱ्यावर सोडण्यावर होता, पण धसका बसला तो बसला. पुढे टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात, २५ मार्च २०२० रोजी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात व्हिडिओ, आवाज आणि मजकूर हे तिन्ही मार्ग मान्य आहेत. ई-मेल आणि फॅक्ससुद्धा. म्हणजे कलन आज भारतात असते तर कायद्याने त्यांचा धंदा चालला असता. नोंद ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. काय दिलं, कुणाला दिलं, ओळख पटवली का, सगळं आहे. रोग्याचं म्हणणं त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत घ्यावं, हे मात्र कुठे नाही. मजकुराचे तोटे दिले आहेत: चेहरा दिसत नाही, ओळख पटत नाही, जवळीक होत नाही. खरे आहेत. पण चेहरा दिसूनही जवळीक होत नाही, त्याचं काय?

माझी मागणी साधी आहे. दूरवरून सल्ला द्यायचा असेल, सरकारी असो की खाजगी, तर आधी रोग्याचं निवेदन घ्या, त्याला हवं तेवढं, मराठीत. लिहिता येत नसेल तर बोलून टिपून घ्या. आणि उत्तरही मराठीत द्या: मला काय वाटतं, काय झालं तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. ते रोग्याकडेही राहू द्या. औषधांची नावं आणि 'एक-शून्य-एक' एवढ्याने हे होत नाही.

डॉक्टर म्हणतील, वेळ कुठून आणायचा? तीनशे शब्दांचं पत्र वाचायला दीड मिनिट लागतं. तेच ऐकायला दुप्पट, आणि लागेल ते सोडून भलतंच ऐकावं लागतं. ते म्हणतील, लोक फाफटपसारा लिहितात. म्हणूनच तर तिसोंनी प्रश्नांची यादी दिली. आणि वाचण्याचे पैसे घ्या की. इंग्लंडात १८४०पर्यंत टपालाचा खर्च बहुधा पत्र मिळणाऱ्यालाच द्यावा लागे, तोही कागदांच्या संख्येवर; रामायण वाचायला डॉक्टरच्याच खिशाला चाट. आपल्याकडे तीही अडचण नाही. रिपोर्ट बघण्याचे दोनशे घेता, तर निवेदन वाचायचे शंभर लावा. मी देईन.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न खरा. पण त्याचं उत्तर आपल्याकडे आधीच उभं आहे. ई-संजीवनी या सरकारच्या दूरसल्ला सेवेत गावच्या उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रोग्याला शेजारी बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. हीच ती जागा जिथे कलनांना पत्र लिहिणारा गावचा सर्जन बसायचा. तो रोग्याला ओळखायचा, बायकोला ओळखायचा, दारू किती पितो ते त्याला ठाऊक असायचं, आणि ते सगळं तो लिहायचा. आपण त्याच जागेवरच्या माणसाला तक्रारीचे पर्याय निवडायला लावतो. ताप, खोकला, अंगदुखी, चक्कर. मावशीची जमीन यातल्या कशात बसवायची? 'चक्कर'मध्ये. आणि डावी बाजू?

गेल्या रविवारी मी तिला बसवलं आणि तिसोंचे प्रश्न एकेक करून विचारले. नाडीचा सोडून दिला. जिभेच्या प्रश्नावर ती हसली आणि लघवीच्या रंगावर "जा रे" म्हणाली, पण सांगितलं. कालनिर्णयच्या जून महिन्याच्या मागे दोन्ही बाजू भरल्या. हे दुखणं कधीपासून, तर गौरी उतरवताना माळ्यावरून वाकले होते तेव्हापासून. झोप कशी? बरी. आतापर्यंत काय घेतलंस?

"तीच ती रक्तदाबाची," ती म्हणाली. "रात्रीची गोळी मी सकाळीच घेते, दोन्ही एकदम. रात्री विसरायला होतं ना."

मी ते लिहून घेतलं. फोटो या वेळी सरळ काढला.